वळण की कलाटणी?

जानेवारी उजाडला की आपल्या भागात भाषणांची तयारी सुरू होते. १७ जानेवारीचा हुतात्मा दिन तोंडावर आलेला असतो आणि मुलांना चार ओळी पाठ करून उभं राहायचं असतं. आमच्या कंग्राळीतल्या गल्लीतली सातवीची एक मुलगी असाच आपला कागद घेऊन आली. पहिलंच वाक्य होतं, '१९५६ हे साल सीमाभागाच्या इतिहासातला टर्निंग पॉइंट होता.' म्हणाली, "काका, बाईनी मराठी शब्द घाल म्हणून सांगितल्यात. वळण लिहू काय ओ?"

मी हो म्हणणार होतो, पण अडखळलो. वळण हा शब्द चुकीचा नव्हे. वर्तमानपत्रं रोज लिहितात, 'प्रकरणाला नवे वळण'. शेजारचं कन्नड वर्तमानपत्रही त्याच दिवशी त्याच बातमीवर 'होस तिरुवु' छापतं, म्हणजे नवं वळणच. पण १९५६ ला तो शब्द बसेना.

'वळणे' हे क्रियापद आपल्या घरात आणि शेतात इतकं मुरलेलं आहे की ते आपल्या लक्षातही येत नाही. आई लाडू वळते, आजी वाती वळते. पोरं गुरं वळायला जातात. मार्कंडेय नदीकाठच्या मळ्यात एका सरीचं पाणी दुसऱ्या सरीत वळवतात. रागावलेल्या माणसाचं मन वळवतात. भीतीने बोबडी वळते. या सगळ्यात काही ना काही आपली दिशा किंवा आकार बदलतं, आणि बहुतेक वेळा त्यामागे सवयीचा, सावकाश फिरणारा हात असतो. म्हणून संस्कारालाही आपण वळणच म्हणतो. मुलाला वळण लावतात, अक्षराला वळण असतं, आणि 'वळणाचे पाणी वळणावर जाणार' ही म्हण तर बदलाच्या उलट बाजूला उभी आहे: कितीही अडवा, सवय आपल्या वाटेनेच जाते. याच क्रियापदातून आलेलं 'कळतं पण वळत नाही' हे वाक्य मला मराठीतलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य वाटतं. मुलांना मराठी शाळेत घालायला हवं, हे आपल्यापैकी कितीजणांना कळतं, हे इथे लिहीत बसत नाही.

कलाटणीचा स्वभाव वेगळा. हा शब्द ऐकला की कोलांटीची आठवण होते. क्षणात वरचं खाली. त्याचं व्याकरणही पाहण्यासारखं आहे. रस्ता स्वतः वळण घेतो, कथा वळण घेते. पण कलाटणी कोणी स्वतःहून घेत नाही. ती मिळते किंवा दिली जाते. 'एका साक्षीने खटल्याला कलाटणी मिळाली', 'शेवटच्या चढाईने सामन्याला कलाटणी दिली'. ज्याला 'ला' लागतो, तो सोसणारा. देणारा दुसरा कुणी तरी असतो.

आता १९५६ पाहा. राज्य पुनर्रचना आयोगाने बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, कर्नाटकाकडे देण्याची शिफारस केली होती. जानेवारी १९५६ मध्ये केंद्राचा निर्णय जाहीर झाला आणि १७ तारखेला बेळगाव व निपाणीत निदर्शनांवर गोळीबार झाला. १ नोव्हेंबरला बेळगाव मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेलं, चंदगड मात्र कोल्हापूर जिल्ह्याला जोडलं गेलं. काल एका जिल्ह्यात असलेले पाहुणे आज दोन राज्यांत. इथला माणूस वळला नव्हता, त्याच्या आयुष्याला कलाटणी मिळाली होती. सरकारी कागद याला 'पुनर्रचना' म्हणतो. त्या शब्दात ना देणारा दिसतो, ना सोसणारा.

वळण हा शब्द चपखल बसेल असं साल त्याआधी दहा वर्षांचं आहे. १९४६ मध्ये बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर. या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. भाषेचा विचार करायला जमलेल्या मंडळींनी आपणहून राज्याच्या प्रश्नाकडे तोंड वळवलं. ते कुणी त्यांच्यावर लादलं नव्हतं.

बाकीच्या शब्दांचं थोडक्यात. 'मैलाचा दगड' हा टर्निंग पॉइंटला प्रतिशब्द म्हणून भाषणात हमखास येतो, पण तो चूक आहे. दगड अंतर सांगतो, रस्ता फिरवत नाही. सरळ रस्त्यावरही मैलाचे दगड असतातच. 'फाटा' निराळा: तिथे दोन वाटा दिसतात आणि निवडायची मुभा असते. 'स्थित्यंतर' म्हणजे दुसरी स्थिती. शेतीतली, कुटुंबातली स्थित्यंतरं वर्षानुवर्षं चालतात, त्यांना एक तारीख नसते. 'नवे पर्व' म्हणताना ऊस आठवावा. पर्व म्हणजे मुळात पेर, कांड्याचा सांधा. तिथे ऊस वळत नाही, एक कांडं संपून पुढचं सुरू होतं. १ मे १९६० ला महाराष्ट्राचं नवं पर्व सुरू झालं हे बरोबरच, फक्त आपण त्या उसात नव्हतो.

'संक्रमण' आणि 'संक्रांत' एकाच मुळाचे, एका जागेवरून दुसरीकडे पाऊल टाकणं. सूर्य मकर राशीत जातो ती संक्रांत, तीळगुळाची. आणि 'त्याच्यावर संक्रांत आली' म्हणजे मात्र संकट आलं. एकाच शब्दात गोड आणि कडू. आपल्याकडे दोन्ही एकाच आठवड्यात येतात, १४ ला तीळगूळ, १७ ला हुतात्म्यांना अभिवादन.

आणखी एक गोष्ट त्या मुलीला सांगितली. या सगळ्या शब्दांमागे 'ठरणे' येतं: निर्णायक ठरला, कलाटणी देणारा ठरला. ठरतं ते मागे वळून पाहताना. १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल आला तेव्हा अनेकांना वाटलं की आता निकाल लागला. लागला नाही. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याला वळण म्हणायचं की कलाटणी, हे अजून ठरायचं आहे.

तिने १९५६ पुढे 'कलाटणी' लिहिलं. मग पेन तसंच धरून विचारलं, "आणि ही कलाटणी कुणी दिली, ते पण लिहायचं काय?" म्हटलं, त्याला अजून दोन मिनिटं लागतील, बाईंना विचारून ये.