शरीराचे लेजर

बेल्टला भोक पाडायचा पंच आमच्या स्टोअरमध्ये कायम टेबलावर असतो. सहावीत नव्याने आलेल्या मुलांना बेल्ट मोठे होतात, तेव्हा तो लागतो. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर मी या शाळेच्या क्वार्टर मास्टर स्टोअरमध्ये रुजू झालो. त्यानंतरच्या नऊ वर्षांत तो पंच मी स्वतःच्या बेल्टवरही पाच वेळा चालवला. मुलांसाठी भोक बकलाच्या बाजूला पाडावे लागते. माझे टोकाकडे सरकत गेले.

पाचवे भोक पाडत होतो, तेव्हा बूट बदलून घ्यायला आलेला सातवीतला एक कॅडेट म्हणाला, “सर, आता पुढे जागा उरली नाही.” तो बेल्टबद्दलच बोलत होता. मी हसलो, पण त्याच आठवड्यात एम.आय. रूममध्ये कर्मचाऱ्यांची तपासणी झाली आणि हसू मावळले. उंची 170 सेंटिमीटर, वजन 84 किलो, कंबर 101 सेंटिमीटर, रक्तदाब 146/92, उपाशीपोटी साखर 118. डॉक्टर म्हणाले, “मधुमेह अजून झालेला नाही, पण दारात उभा आहे.”

मधुमेह मला ठाऊक होता. माझ्या वडिलांच्या पायाचा अंगठा त्यानेच नेला. सुट्टीवर गावी गेलो की त्या जखमेचे ड्रेसिंग मी करायचो.

पालकहो, तुमच्यापैकी अनेकजण माजी सैनिक आहेत. आमचे कित्येक इन्स्ट्रक्टरही आहेत. म्हणून गेल्या दोन वर्षांत जे शिकलो, ते मला कळणाऱ्या एकाच भाषेत, म्हणजे स्टोअरच्या हिशेबाच्या भाषेत सांगतो.

आधी मोजणी

स्टोअरमध्ये अंदाज चालत नाही. शरीराचेही तसेच आहे. किलोमधले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, म्हणजे बीएमआय. बेल्जियमच्या आदोल्फ केतले या गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे सूत्र मांडले. माझा हिशेब असा: 84 भागिले (1.70 गुणिले 1.70), म्हणजे 29.

जगभर 18.5 ते 24.9 हा आकडा ठीक मानतात. आपल्याकडचे डॉक्टर मात्र प्रौढ भारतीयांसाठी 23 पासून पुढे जास्त वजन आणि 25 पासून पुढे लठ्ठपणा धरतात. आपल्याला वेगळी फूटपट्टी का, हे समजायला पुण्याचे एक उदाहरण फार चांगले आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा बीएमआय 22.3. पण शरीरातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. बीएमआय दोघांचा सारखाच दिसत होता, आतला माल वेगळा होता. भारतीय शरीरात कमी वजनातही चरबी जास्त असू शकते, आणि ती बऱ्याचदा पोटात, आतड्यांभोवती साठते. मधुमेह आणि हृदयरोगाला हीच चरबी आमंत्रण देते.

म्हणून काट्याबरोबर टेपही हवा. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचे वरचे टोक यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रियांची 80 च्या आत असावी. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. आपण पँट पोटाखाली बांधतो आणि स्वतःला फसवतो. उलट, कसलेल्या पैलवानाचा बीएमआय स्नायूंमुळे जास्त येईल. तिथे टेप खरे बोलतो.

2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 24 टक्के स्त्रिया आणि जवळपास 23 टक्के पुरुषांचा बीएमआय 25 किंवा त्याहून जास्त होता. त्याच पाहणीत जवळपास 19 टक्के स्त्रिया आणि 16 टक्के पुरुष 18.5 च्या खाली होते. दोन्ही टोके आजाराचीच आहेत.

शिल्लक कशी वाढली

लेजरमध्ये तीन रकाने असतात: जमा, खर्च, शिल्लक. शरीरात जमा म्हणजे अन्नातल्या कॅलरी. खर्च म्हणजे श्वास, हृदय, मेंदू चालू ठेवण्याचा रोजचा खर्च आणि त्यावर आपण केलेली हालचाल. उरलेले चरबीच्या रूपाने गोदामात जाते. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी.

मी निवृत्त झालो तेव्हा 66 किलो होतो. नऊ वर्षांत 18 किलो वाढले, म्हणजे वर्षाला दोन. त्याचा ढोबळ हिशेब केला: दोन किलोच्या 15,400 कॅलरी भागिले 365 दिवस. उत्तर आले 42. दिवसाला फक्त 42 कॅलरी जास्त! म्हणजे दोन चमचे साखर किंवा अर्धी चपाती. मी काही दांडगे खात नव्हतो. रोज चिमूटभर चूक करत होतो आणि थेंबे थेंबे तळे साचत होते.

चूक कुठे होती? युनिटमध्ये सकाळी पीटी, संध्याकाळी गेम्स, वर बीपीईटीची पाच किलोमीटर दौड. लंगरमधली पाच-सहा चपात्यांची भूक त्या घामाची होती. निवृत्तीनंतर घाम थांबला, ताट तेच राहिले. क्वार्टरपासून स्टोअर सातशे मीटर, तेही स्कूटरवर. दिवसाला सहा कप चहा, कपात दोन चमचे साखर. एका चमच्याच्या वीस कॅलरी धरल्या तरी 240 झाल्या. त्यात चाळिशीनंतर व्यायाम नसेल, तर स्नायू कमी होत जातात आणि बसल्या जागचा खर्चही घटतो. झोप अपुरी असेल, तर भूक वाढते. रात्रपाळी केलेल्यांना हे सांगायला नको.

पहिली चूक

फौजी माणसाला मोहीम आवडते. मी 21 दिवस फक्त सूप आणि फळे असा बेत केला. पाच किलो गेले. स्टाफ रूममध्ये कौतुक झाले. तीन महिन्यांत सहा किलो परत आले.

डॉक्टरांनी कारण समजावले. अचानक खाणे तोडले की पहिल्या दिवसांत यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर संपते आणि तिच्याबरोबरचे पाणी जाते. काटा खाली येतो, पण ते बरेचसे पाणी असते. प्रथिने कमी पडली की स्नायूही झिजतात. शरीर याला दुष्काळ समजून भूक वाढवते. म्हणून जे आयुष्यभर करता येणार नाही, ते तीन आठवडे करण्यात अर्थ नाही. वजनाला मोहीम पुरत नाही, पहारा लागतो. पहारेकरी रोज तोच फेरा घालतो आणि त्याचे कुणी कौतुकही करत नाही.

मग काय केले

सुरुवात तेलापासून. घरात आम्ही तिघे आणि महिन्याला तेल पाच लिटर. शाळेच्या मेसचा माणशी हिशेब मी वर्षानुवर्षे ठेवतो, घरचा कधी केलाच नव्हता. केला, तर माणशी दिवसाला सुमारे 50 ग्रॅम आले. एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी, म्हणजे 450 कॅलरी नुसत्या तेलाच्या. आता महिन्याला अडीच लिटरच येते आणि फोडणीला बाटलीऐवजी चमचा वापरतो. माणशी सव्वादोनशे कॅलरी रोज वाचल्या, आणि भाजीची चव गेली नाही.

चहा तीन कपांवर आणला, साखर अर्धा चमचा. ताटाचा अर्धा भाग भाजी आणि कोशिंबिरीचा, पाव भाग उसळ, डाळ, अंडी किंवा दह्याचा, उरलेल्या पावात चपाती-भात. मोड आलेली मटकी पोटात जास्त वेळ टिकते, म्हणून चार वाजता हात फरसाणाकडे जात नाही. पूर्वी मी भाजीला तोंडी लावणे समजायचो.

व्यायामाबद्दल एक गैरसमज काढून टाका. अर्धा तास भरभर चालून माझ्या वजनाच्या माणसाच्या सुमारे 150 कॅलरी खर्च होतात; एका वडापावात सुमारे 300 असतात. पळून खाण्याची भरपाई होत नाही. पण व्यायामाने स्नायू टिकतात, साखर आणि रक्तदाब उतरतो आणि गेलेले वजन परत येत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या बळाचा व्यायाम सांगते. मी पाच दिवस अर्धा तास चालतो आणि दोन दिवस बैठका, जोर मारतो. ज्यांचे गुडघे दुखतात किंवा ज्यांना हृदयाचा त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. पंचवीस वर्षांपूर्वीची दौड पहिल्याच दिवशी काढायला जाऊ नये.

दर रविवारी सकाळी, त्याच काट्यावर वजन. रोज नाही, कारण पाण्यामुळे किलोभर वरखाली होतेच.

दोष देण्याआधी

हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण सांगायला हवे. माझ्या सौ.चेही वजन वाढत होते. ती माझ्याहून कमी खायची, तरीही. मी चारचौघांत थट्टा करायचो. ती हसण्यावारी न्यायची, पण हळूहळू तिने लग्नकार्याला यायचे टाळायला सुरुवात केली. माझ्या तपासणीनंतर डॉक्टरांनी तिचेही रक्त तपासले. थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावले होते. थकवा, केस गळणे, थंडी सहन न होणे, सगळ्याचे कारण तेच. मी तिला आळशी म्हणत होतो आणि ती आजारी होती. औषध सुरू झाल्यावर थकवा गेला आणि वजनही काहीसे उतरले. बाकीचे आम्ही एकाच ताटाच्या हिशेबाने उतरवत आहोत.

थायरॉईड, स्त्रियांमधला पीसीओएस, स्टिरॉईडसारखी काही औषधे, मनाची उदासी, या सगळ्यांनी वजन वाढू शकते. तसेच प्रयत्न न करता वजन झपाट्याने घटत असेल, तर खूश होऊ नका. क्षयरोग, मधुमेह किंवा थायरॉईडचा अतिरेक यांची ती खूण असू शकते. दोन्हीकडे डॉक्टर हवेतच. फार जास्त वजन असेल, तर आता औषधे, आठवड्याची इंजेक्शने आणि शस्त्रक्रियाही आहेत. त्या डॉक्टरांच्या देखरेखीत घ्यायच्या गोष्टी आहेत; शेजाऱ्याचे पाहून किंवा जाहिरात वाचून नव्हे. ही औषधे बंद केल्यावर वजन परत येऊ शकते, हेही आधी विचारून घ्यावे.

कॅडेट मित्रांनो, वरचे आकडे तुमच्यासाठी नाहीत. तुमचे शरीर वाढीचे आहे. तुमचे वजन वय आणि उंचीच्या तक्त्यावर डॉक्टर पाहतात. मेसमधले जेवण सोडू नका आणि कुणाला ‘मोटू’ किंवा ‘काडी’ म्हणू नका. इन्स्ट्रक्टर बंधूंनाही एक विनंती: वजनदार मुलाला शिक्षा म्हणून पळवले, की तो पळण्याचाच तिरस्कार करायला शिकतो.

आजची शिल्लक

आज माझे वजन साडेपंचाहत्तर किलो आहे. साडेआठ किलो उतरायला चौदा महिने लागले. गेले आठ महिने काटा तिथेच आहे. वजन घटले की शरीराचा खर्चही घटतो, म्हणून एका टप्प्यावर काटा थांबतो. कंबर 93, बीएमआय 26. पुस्तकाप्रमाणे मी अजूनही नापास आहे. पण उपाशीपोटी साखर 99 वर आली आणि रक्तदाब 128/82. डॉक्टर सांगतात की पाच ते दहा टक्के वजन उतरले, तरी साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल सुधारू लागतात. सगळे कर्ज फिटेपर्यंत थांबावे लागत नाही. हप्ता सुरू झाला की फरक पडतो.

तो सातवीतला कॅडेट आता नववीत आहे. परवा नवा बेल्ट घ्यायला आला, तेव्हा त्याने माझ्या कमरेकडे पाहिले. बकल तीन भोके मागे आले आहे. तो काही बोलला नाही. मीही त्याच्या पावतीवर सही केली आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

पालक बंधू-भगिनींनो, पुढच्या वेळी मुलाला भेटायला याल, तेव्हा मिठाईचा डबा थोडा लहान आणा आणि जमल्यास स्टोअरवरून जा. कंबर मोजायचा टेप माझ्या टेबलावर, पंचाच्या शेजारीच ठेवलेला आहे.

जय हिंद.