नकाशावरची मापं कोण टाकणार?

घराचा नकाशा म्हणजे नुसत्या रेषा नव्हेत. दाराला डी-१, खिडकीला डब्ल्यू-१ अशी खूण, खोलीचं नाव, लांबी-रुंदी, जोत्याची उंची हे सारं लिहिल्याशिवाय मिस्त्रीला काम सुरू करता येत नाही. लोणावळ्यातल्या साध्या दुमजली बंगल्याच्या नकाशांवरही अशा शेकडो नोंदी असतात. एक खिडकी सरकली की प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन आणि खिडक्यांचा तक्ता, चारही ठिकाणी दुरुस्ती आली. हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेवर सोपवावं का, असं मला अनेक जण विचारतात.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. नियमाने चालणारी सोय जुनीच आहे. भिंत हलली की तिला जोडलेलं माप आपोआप बदलतं. त्यात अंदाज नसतो. पुण्याच्या सॉफ्टटेक कंपनीची ऑटोडीसीआर ही प्रणाली नकाशा बांधकाम नियमांशी ताडून पाहते. मात्र त्यासाठी भिंत, जिना, प्लॉटची हद्द ठरलेल्या लेयरवरच काढावी लागते, कारण रेष कशाची, हे आपण सांगितल्याशिवाय तिला कळत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्ता हेच ओळखू पाहते. असंख्य नकाशे दाखवल्यावर पाव वर्तुळाची कमान म्हणजे उघडणारं दार, ओटा आणि सिंक असलेली खोली म्हणजे स्वयंपाकघर, असं ती ताडते आणि खूण टाकते. बहुतेक वेळा बरोबर. पण असतो तो अंदाजच. कागदावर मात्र मोजलेला आकडा आणि ताडलेला आकडा सारखेच दिसतात!

सपाट जागेवरच्या फ्लॅटमध्ये हे निभावून जाईल. मावळात जमीन उताराची. रस्त्याकडून तळमजला दिसतो, तो दरीकडून पहिला मजला असतो. मग शून्य पातळी कुठली धरायची? राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार १:५ पेक्षा तीव्र उताराच्या डोंगराळ जागेवर बांधकामाला परवानगी नाही. म्हणजे उताराच्या आकड्यावर सगळा प्रकल्पच अवलंबून. शिवाय लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस. गच्चीच्या उताराचा बाण उलटा पडला, तर पाणी दिवाणखान्यात येणार.

म्हणून मी असं सुचवतो. दारं-खिडक्यांच्या खुणा, खोल्यांची नावं आणि तक्ते यंत्राला खुशाल करू द्यावेत. पातळ्या, उतार, सामासिक अंतरं आणि खांबांमधली मापं माणसानेच टाकावीत. यंत्राने लिहिलेली प्रत्येक नोंद तपासून होईपर्यंत वेगळ्या रंगात ठेवावी. छोट्या मापांची बेरीज एकूण मापाशी जुळते का, हेही पाहावं. कित्येकदा घाईत रेष न हलवता वरचा आकडाच बदललेला असतो. अशी लबाडी पकडायला यंत्र उपयोगी पडतं.

राहता राहिला नव्या मुलांचा प्रश्न. आयटीआयमधून दोन वर्षांचा ड्राफ्ट्समनचा अभ्यासक्रम करून आलेला मुलगा आजवर मापं टाकता टाकता नकाशा वाचायला शिकत असे. ते काम गेलं, तर तो शिकणार कुठे? त्याच्या हाती लाल पेन्सिल आणि टेप द्यावी, यंत्राचं काम तपासायला लावावं, साइटवर न्यावं. वाचलेल्या तासांचा याहून चांगला उपयोग मला दिसत नाही. नकाशावर शेवटी सही होते ती नोंदणीकृत वास्तुविशारदाची. त्याखालच्या प्रत्येक आकड्याची जबाबदारी यंत्रावर ढकलता येत नाही.