“मला माहेरी जायचंय”
विसरणाऱ्या माणसाचं मन आणि त्याला सांभाळणारीचंही



समजा, आपल्या महाळुंगे पडवळमधलंच एक घर आहे. दिवेलागणीची वेळ. ऐंशीच्या घरातल्या आत्याबाई पिशवीत दोन लुगडी भरून उंबऱ्यात उभ्या आहेत. म्हणतात, “मला माहेरी जायचंय. आई वाट बघत आसंल.” सून शेतातून नुकतीच आलेली, चूल पेटायची आहे, धारा राहिल्यात. ती म्हणते, “अहो आत्याबाई, तुमची आई जाऊन चाळीस वर्षं झाली!” आत्याबाई मटकन खाली बसतात आणि आत्ताच निरोप आल्यासारखा टाहो फोडतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिशवी पुन्हा भरलेली असते.

हे काही एकाच घरात घडत नाही. आपण त्याला म्हातारचळ म्हणतो, “साठी बुद्धी नाठी” म्हणतो, कुणी बाहेरचं झालं म्हणून देवऋषाकडे नेतं. हा मेंदूचा आजार आहे. त्याला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. अल्झायमर हा त्याचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. देशभरच्या पाहणीवरून २०२३ साली जो अंदाज निघाला, त्यानुसार साठीपुढच्या दर शंभरात सात-साडेसात माणसांना हा त्रास आहे. म्हणजे देशात सुमारे ८८ लाख. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरापेक्षा खेड्यात तो जास्त दिसला. म्हणून ही गोष्ट आपल्या बचत गटाच्या बैठकीत निघायला हवी.

या आजारात होतं काय? धान्याची कणगी डोळ्यापुढं आणा. वरचं धान्य आधी संपतं, तळाचं शेवटपर्यंत राहतं. तसं सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण लग्नातली वरात आठवते. नातवाचं नाव जातं, पण माहेरच्या विहिरीची वाट राहते. म्हणून “आत्ताच तर सांगितलं!” असं कितीदा म्हटलं तरी उपयोग होत नाही. ती गोष्ट आत शिरलेलीच नसते.

पण एक गोष्ट आत राहते. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात अल्झायमर झालेल्या माणसांना काही दुःखाचे आणि काही आनंदाचे चित्रपटातले प्रसंग दाखवले. थोड्या वेळानं काय पाहिलं ते बहुतेकांना सांगता येईना. पण उदास झालेलं मन उदासच राहिलं आणि खुललेलं मन खुललेलं राहिलं. म्हणजे प्रसंग पुसला जातो, भावना मागं उरते. आपण का ओरडलो ते आत्याबाई विसरतील, पण या घरात मला भीती वाटते एवढं त्यांच्या मनात राहील. आणि आपण पाठीवरून हात फिरवला, तर तेही राहील.

मग माहेरी जायचं म्हणणाऱ्या बाईला काय सांगायचं? माहेर म्हणजे तिला नुसतं गाव नको असतं. अंधार पडायला लागला, जीव घाबरा झाला, ओळखीचं काही दिसेना, म्हणून तिला आईजवळची ऊब हवी असते. या आजारात बऱ्याच जणांची घालमेल संध्याकाळीच वाढते. तेव्हा आई गेल्याची बातमी पुन्हा देऊ नका, तिला ते दुःख दर वेळी नव्यानं होतं. खोटं वचनही द्यायला नको. जवळ बसा आणि म्हणा, “आईची आठवण आली व्हय आत्याबाई? काय करायची तुमची आई खायला?” दिवा लवकर लावा, हातात चहा द्या. बोलता बोलता पिशवी खाली ठेवली जाते. रोज जमेल असं नाही, पण भांडणापेक्षा जास्त वेळा जमतं.

अशाच आणखी काही गोष्टी. “मला ओळखलं का? सांगा मी कोण?” अशी परीक्षा घेऊ नका. आपणच म्हणावं, “मी तुमची धाकली सून.” एका वेळी एकच गोष्ट सांगा, छोट्या वाक्यात. उठणं, आंघोळ, जेवण यांची वेळ आणि जागा बदलू नका. हाताला काम द्या: शेंगा फोडणं, लसूण सोलणं, वाती वळणं. काम नीट झालं नाही तरी चालेल, आपण अजून उपयोगी आहोत हे त्यांना वाटू दे.

आणि ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या ओव्या कुणी वही घेऊन पाठ केल्या नव्हत्या, पहाटेच्या दळणात त्या अंगात मुरल्या. अशी गाणी मेंदूत खोल जाऊन बसतात. बोलणं अडखळू लागलेली म्हातारीसुद्धा ओवीची पहिली ओळ कानावर पडली की पुढची म्हणू शकते. आपल्याला येत नसेल तर तिच्याकडून शिका. गावातल्या म्हाताऱ्यांशी हुतात्मा बाबू गेनूंच्या स्मृतिदिनाबद्दल, जुन्या जत्रांबद्दल, मुंबईच्या गिरणीबद्दल बोलून बघा. तळाचं धान्य बाहेर येतं.

“अस्तु” नावाचा मराठी चित्रपट आहे, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. मोहन आगाशे त्यात संस्कृतच्या विद्वान म्हाताऱ्याचं काम करतात. ते हत्तीमागं चालत जातात आणि हरवतात. माहुताची बायको चन्नम्मा, अमृता सुभाष, त्यांना सांभाळते. तिला आजाराचं नावही माहीत नाही. समोर घाबरलेलं लेकरू आहे एवढंच तिला कळतं, आणि म्हातारा तिला आई म्हणतो. गटात एकदा मिळून बघण्यासारखा आहे.

हरवण्याची भीती आपल्या भागात मोठी आहे. चहूकडे ऊस, उसात बिबट्या, शिवारात उघड्या विहिरी आणि कालवा. म्हणून दाराला गुरांच्या गळ्यातली घंटी बांधा, रात्री दार उघडलं की कळतं. कपड्याच्या आतल्या बाजूला घरच्या मोबाईलचा नंबर शिवून ठेवा. शेजारी, दुकानदार आणि एसटीचे वाहक यांना सांगून ठेवा. यात लाज कसली? माणसाला एकटं घरात कोंडून मात्र जाऊ नका.

आता सांभाळणारीचं बोलू. बहुतेक घरांत ती सून असते, नाहीतर लेक, नाहीतर स्वतःच थकलेली बायको. सगळ्यात जिव्हारी लागतं ते हे, की आत्याबाई शेजारणीला सांगतात, “सुनेनं सकाळपासून घास दिला न्हाई,” किंवा “माझ्या पाटल्या हिनंच घेतल्या.” ज्या हातांनी भरवलं त्यांच्यावरच आळ. मैत्रिणींनो, हा आळ आजार घेतो. जेवलेलं आठवत नाही, वस्तू कुठं ठेवली ते आठवत नाही, मग मन काहीतरी कारण शोधतं. पाटल्या शोधायला आपणही मदत करावी, वाद घालू नये. आणि शेजारणींना माझी विनंती: असं ऐकलं तर ते पाणवठ्यावर नेऊ नका. त्या सुनेच्या घरी जा आणि विचारा, “तू जेवलीस का?”

तिला राग येतो, कधी आवाज चढतो, मग रात्री रडू येतं. “कधी सुटका होईल” असा विचारही मनात येऊन जातो, आणि आपण पापी आहोत असं वाटतं. तुम्ही पापी नाही, थकला आहात. समोर बसलेलं माणूस रोज थोडं थोडं हरवताना बघणं हेही एक सुतक आहे, फक्त त्याला तेरावा नाही. लेकानं, दिरानं, नणंदेनं पाळी वाटून घ्यावी. फोनवर सल्ला देणाऱ्यानं महिन्यातले दोन दिवस येऊन राहावं. आणि गटानं एक ठराव करावा: ज्या घरी असं माणूस आहे, तिथं आठवड्यातून दोन तास गटातली एक जण जाऊन बसेल. त्या दोन तासांत सून झोपेल, बँकेत जाईल, नाहीतर नुसती बांधावर बसेल.

डॉक्टरांना दाखवणं टाळू नका. थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा मनाची उदासी यांनीही विसराळूपणा येतो, आणि तो उपचारानं सुधारू शकतो. एक-दोन दिवसांतच माणूस अचानक बरळू लागलं, तर ताप, लघवीचा संसर्ग किंवा औषधाचा परिणाम असू शकतो, लगेच दवाखाना गाठा. स्मृतिभ्रंशच असेल, तर तो मुळातून बरा करणारं औषध आज नाही, पण झोप, घालमेल आणि वागणूक यांवर इलाज होतो. आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात विचारा. १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर मनातलं मोफत बोलता येतं, मराठीत आणि रात्रीसुद्धा. हा नंबर सांभाळणारीसाठीही आहे. ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ आहे.

आज संध्याकाळी कुणाच्या उंबऱ्यात पिशवी घेतलेली म्हातारी उभी असेल, तर घड्याळ बघू नका. दोन मिनिटं तिच्या शेजारी बसा. आणि तिच्यामागं सून उभी दिसली, तर तिलाही बसायला सांगा.

रामराम.