शंभरावा किलोमीटर की एकशेबारावा?

एटीपीड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये उच्चदाब लाइनचा तक्ता उघडला की काहीच भव्यदिव्य दिसत नाही. चौकटी असतात. प्रत्येक फेजला एक ओळ, टॉवरच्या माथ्यावरच्या प्रत्येक अर्थवायरला एक ओळ, आणि वर आखूड, अर्धवट नावांचे रकाने: आरइन, आरआउट, रेझिस, हॉरिझ, व्हीटॉवर, व्हीमिड, सेपार. पुण्यातल्या एका सल्लागार कार्यालयात एक अनुभवी अभियंता या चौकटी भरत बसली आहे. आरइन ०.५३, आरआउट १.५८९, रेझिस्टन्स ०.०५५५२. शेजारच्या खुर्चीत यंदाच रुजू झालेला मुलगा. डेटाशीटवर बोट ठेवून तो विचारतो, "मॅडम, इथे तर ३१.७७ लिहिलंय. १.५८९ कुठून आलं?"

"ते मिलिमीटर आहेत, आणि डायमीटर आहे. हा सेंटिमीटरमध्ये रेडियस मागतो. प्रत्येक प्रोग्रॅमचा मागायचा रिवाज वेगळा, आधी तो बघून घे."

तारेचं नाव मूस. अ‍ॅल्युमिनियमच्या ५४ आणि पोलादाच्या ७ तारा, प्रत्येक ३.५३ मिलिमीटर जाडीची, पीळ देऊन एकत्र केलेल्या. पोलाद ताण सहन करायला, अ‍ॅल्युमिनियम वीज वाहायला. किलोमीटरभर मूस तोलली तर दोन टन भरते. आरइन हा रकाना त्या पोलादी गाभ्यासाठी आहे: वीज जवळजवळ सगळी अ‍ॅल्युमिनियमातून जात असल्यामुळे सॉफ्टवेअर तारेला पोकळ नळी समजतं आणि मधला गाभा वगळतं. तारांची नावं सगळी प्राण्यांची. १३२ केव्हीला पँथर, २२० ला झेब्रा, ४०० ला मूस. विदर्भाच्या उन्हात तापणाऱ्या तारेला उत्तर अमेरिकेतल्या बर्फाळ रानातल्या हरणाचं नाव कसं, हा प्रश्न कोणत्याही वीज कार्यालयात कुणाला पडलेला दिसत नाही.

४०० केव्हीच्या लाइनवर मूस सहसा एकटी नसते. प्रत्येक फेजला दोन तारा, ४५ सेंटिमीटर अंतरावर, मध्ये स्पेसर. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती जोडतार दिसते, पण ती कशासाठी हे दिसत नाही. तक्त्यात ते लगेच उलगडतं. फेज एका ओळीत आडव्या, एकमेकींपासून ११.३ मीटरवर, असं धरलं आणि एकेकच तार टाकली, तर लाइनचा रिअ‍ॅक्टन्स किलोमीटरला ०.४४ ओहम येतो आणि सर्ज इम्पीडन्स ४१४ ओहम. जोडतार टाकली की हेच आकडे ०.३३ आणि ३१० वर येतात. ४०० केव्हीच्या वर्गाला या सर्ज इम्पीडन्सने भागलं की मिळतो तो एसआयएल, म्हणजे ज्या भाराला लाइन स्वतःच्या कपॅसिटन्सने स्वतःची इंडक्टन्सची भूक भागवते तो भार. एकेरी तारेला तो ३८७ मेगावॉट, जोडतारेला ५१५. तांबं-अ‍ॅल्युमिनियमचा विचार करणाऱ्या माणसाला वाटतं की दोन तारा म्हणजे निम्मा रोध, बस. खरी कमाई वेगळीच असते: दोन तारा मिळून विद्युतक्षेत्राच्या दृष्टीने एक जाडजूड तार होतात, आणि त्यामुळे तारेभोवतीच्या हवेतली गळती, म्हणजे कोरोनाही कमी होतो.

मुलगा हे आकडे वहीत उतरवून घेतो. मॅडम मग मुद्दाम एक खोडी करतात. आरआउटच्या जागी ३.१७७ टाकतात, म्हणजे रेडियसच्या ठिकाणी डायमीटर, गाभ्याचा आकडाही त्याच मानाने दुप्पट, आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवतात. रिअ‍ॅक्टन्स ०.३०७. एसआयएल ५५२.

"काय चुकलंय ते आकड्यांवरून सांग."

सांगता येत नाही. तार दुप्पट जाड झाली, तरी उत्तर जेमतेम सात टक्क्यांनी हललं. या साऱ्या सूत्रांच्या पोटात लॉगरिदम बसलेला असतो, आणि लॉगरिदम मोठमोठ्या चुका गिळून ढेकरही देत नाही. ५५२ मेगावॉट हा आकडा कुठल्याही अहवालात शोभून दिसेल, त्यावर सही होईल, पुढच्या अभ्यासात तो गृहीतही धरला जाईल. जोडतारेचं अंतर ४५ ऐवजी ०.४५ टाकलं तर रिअ‍ॅक्टन्स ०.४७ होतो, ते अनुभवी डोळ्याला खटकतं, कारण दोन तारांचा रिअ‍ॅक्टन्स एकीपेक्षा जास्त येऊच शकत नाही. ढोबळ चूक पकडली जाते. मध्यम चूक मानाने मिरवते.

एक जुनी तपासणी आहे, आणि ती बहुतेक वेळा उपयोगी पडते. इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढून त्याने एकाला भागलं की लाइनवरून लाट किती वेगाने पळेल ते निघतं. हवेतल्या तारांवर तो वेग प्रकाशाच्या किंचित खाली हवा. जोडमूसच्या बरोबर हिशोबात तो सेकंदाला सुमारे २,९६,८०० किलोमीटर येतो. कुणी मिलिहेन्री आणि मायक्रोहेन्रीत गोंधळ केला तर इथे लगेच उघडं पडतं. पण मॅडमनी केलेल्या खोडीत हाच वेग २,९६,५०० येतो! इंडक्टन्स घटला तितकाच कपॅसिटन्स वाढला, गुणाकार जागच्या जागी. प्रकाशाचा वेगसुद्धा डायमीटरची चूक पकडत नाही. तिथे शेवटी डेटाशीट आणि तक्ता शेजारी ठेवून ओळीओळीने बोट फिरवावं लागतं, त्याला पर्याय नाही.

व्हीटॉवर आणि व्हीमिड हे दोन रकाने झोळासाठी. टॉवरवर तार उंच, दोन टॉवरांच्या मध्ये लोंबलेली. सॉफ्टवेअर मधल्या उंचीचा दोन तृतीयांश आणि टॉवरवरच्या उंचीचा एक तृतीयांश घेऊन सरासरी काढतं. झोळ तापमानावर ठरतो, म्हणून मे महिन्यातली लाइन आणि जानेवारीतली लाइन कागदावर एक असली तरी हवेत एक नसते. सुदैवाने मुख्य आकड्यांवर याचा परिणाम नगण्य. त्यावर रेंगाळण्याची गरज नाही.

रेंगाळायला हवं ते जमिनीपाशी.

लाइनवर एका फेजचा जमिनीशी फॉल्ट झाला की प्रवाह तारेतून जातो आणि जमिनीतून परततो. जमीन म्हणजे तार नव्हे. प्रवाह तिच्यात पसरतो, आणि किती खोल पसरतो ते मातीच्या रोधकतेवर ठरतं. हे गणित १९२६ साली जॉन कार्सन या अमेरिकी अभियंत्याने टेलिफोन कंपनीच्या कामातून मांडलं. त्याच्या उत्तरात एक अनंत इंटिग्रल होतं, जे माणूस मालिकेची पदं मोजत सोडवायचा. आज सगळे प्रोग्रॅम आतून कार्सनच चालवतात, किंवा त्याची १९८१ सालची सोपी आवृत्ती, जिच्यात जमिनीखाली एका संमिश्र खोलीवर आरसा आहे असं धरतात. १९६० च्या दशकात हर्मन डोमेल यांनी रचलेल्या ईएमटीपी या प्रोग्रॅमच्या कुळातच एटीपीड्रॉच्या मागे चालणारा एटीपी येतो, आणि लाइनचे स्थिरांक काढणारं त्याचं अंग त्या कुळाचा जुना वारसा. सहा तारा आणि दोन अर्थवायर म्हणजे आठ बाय आठचं मॅट्रिक्स, प्रत्येक घरात कार्सनची दुरुस्ती, मग ते आकसून तीन बाय तीन. हाताने हे करणारा माणूस दिवसभर त्याच्यात असायचा. आता एंटर दाबून हात काढेपर्यंत होतं.

तक्त्यात जमिनीसाठी एकच चौकट आहे: रो, ओहम-मीटर. माणसं सवयीने तिथे १०० टाकतात. त्या आकड्याला ५० हर्ट्झवर परतीचा प्रवाह जणू ९३० मीटर खोल असलेल्या एका काल्पनिक तारेतून जातो. रो १००० धरला तर खोली जवळजवळ तीन किलोमीटर. ओलसर काळ्या मातीचा रो काही दशकांत असतो, कोरड्या कातळाचा हजारांच्या घरात जाऊ शकतो. विदर्भातून निघून सह्याद्रीपर्यंत येणारी लाइन हे सगळं एकाच प्रवासात ओलांडते, आणि तक्त्यात मात्र चौकट एकच.

"म्हणून फरक किती पडतो?" मुलगा विचारतो. मॅडम रो बदलून दाखवतात. अर्थवायर बाजूला ठेवून, रो १० असताना झिरो सिक्वेन्स (तिन्ही फेजमधून एकत्र जाऊन जमिनीतून परतणाऱ्या प्रवाहाचा) रिअ‍ॅक्टन्स किलोमीटरला ०.९० ओहम, १०० ला १.१२, १००० ला १.३३. तीन फेज समतोल असतानाचा आकडा, तो ०.३३, तसाच राहतो. अर्थवायर धरली की फरक कमी होतो, संपत नाही.

या फरकाची किंमत रिलेत मोजावी लागते. डिस्टन्स रिले व्होल्टेज आणि प्रवाह यांच्या भागाकारावरून फॉल्ट किती लांब आहे ते ठरवतो, आणि जमिनीच्या फॉल्टसाठी त्याला झिरो सिक्वेन्सचा हा आकडा एका गुणकाच्या रूपात आधीच सांगून ठेवावा लागतो. रो १०० धरून तो गुणक भरला आणि लाइन प्रत्यक्षात १००० च्या कातळावर असली, तर शंभराव्या किलोमीटरवरचा फॉल्ट रिलेला एकशेबाराव्यावर दिसतो. ४०० केव्हीच्या टॉवरांमध्ये साधारण ४०० मीटरचं अंतर असतं. म्हणजे तीसेक टॉवरांची चूक. पावसाळ्यात चिखल तुडवत गस्तीला गेलेला लाइनमन तीस टॉवर पलीकडे फुटका इन्सुलेटर शोधत राहतो, आणि इकडे शंभराव्यावर तो लोंबत असतो. शिवाय रिलेचा पहिला झोन, म्हणजे जिथला फॉल्ट तत्काळ कापायचा तो टप्पा, सहसा लाइनच्या ८० टक्क्यांपर्यंत ठेवतात. १०० किलोमीटरच्या लाइनवर पंच्याहत्तराव्या किलोमीटरचा फॉल्ट चौऱ्याऐंशीवर दिसला, की तो झटक्यात कापला जाण्याऐवजी दुसऱ्या झोनच्या मुदतीने कापला जातो.

रिलेचे झोन आणि लाइनवरचा भार यांचं भांडण देशाने पाहिलेलं आहे. ३० जुलै २०१२ च्या पहाटे उत्तर ग्रिड कोसळली, तेव्हा सुरुवात ४०० केव्ही बिना–ग्वालियर लाइन सुटण्याने झाली. लाइनवर फॉल्ट नव्हता. भार जास्त आणि व्होल्टेज खाली, त्यामुळे रिलेने केलेला भागाकार तिसऱ्या झोनच्या आत घुसला आणि रिलेला तो लांबचा फॉल्ट वाटला. झोनच्या रेषा जिथून काढतात ते आकडे याच तक्त्यातून निघालेले असतात. भार तिथपर्यंत पोहोचू शकतो का, हा प्रश्न मात्र तक्ता विचारत नाही.

भार नसतानाची लाइन हा निराळाच प्राणी. पलीकडचं टोक उघडं ठेवून ३०० किलोमीटरची ही लाइन चार्ज केली, तर इकडे ४०० केव्ही असताना तिकडे ४२१ येतात. या वर्गाच्या उपकरणांची कमाल मर्यादा ४२०. याला फेरांटी परिणाम म्हणतात, आणि लाइनचा स्वतःचा कपॅसिटन्सच तो घडवतो: किलोमीटरला अर्धा मेगाव्हारहून थोडं जास्त, ३०० किलोमीटरला सुमारे १६४ मेगाव्हार. म्हणून लांब लाइनच्या टोकांना ५०, ६३ किंवा ८० मेगाव्हारचे शंट रिअ‍ॅक्टर घुमत बसलेले असतात. टाटांनी १९१५ साली खोपोलीहून मुंबईला सुमारे एक लाख व्होल्टवर वीज आणली, तेव्हा सत्तरेक किलोमीटरच्या त्या लाइनवर ही वाढ पाव टक्क्याच्या आसपासच राहिली असती. तिच्या अभियंत्यांना याची झोप उडण्याइतकी काळजी नसणार. रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन, जिच्यामुळे ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेची ग्रिड उर्वरित देशाशी एका लयीत जोडली गेली, त्या दाबाची जात वेगळी. तिथे प्रत्येक फेजला मूसऐवजी बर्सिमिस या जाड तारेचे चार-चार कंडक्टर वापरतात, एसआयएल सव्वादोन हजार मेगावॉटच्या आसपास, आणि चार्जिंगही किलोमीटरला अडीच मेगाव्हारच्या जवळ.

लाइन उभी राहिली, की हे सगळं एकदा प्रत्यक्ष मोजायची सोय आता आहे. पलीकडच्या टोकाला तिन्ही फेज जोडून अर्थ करायचे आणि इकडून ५० हर्ट्झपेक्षा जरा वेगळ्या वारंवारतेचा प्रवाह सोडायचा, म्हणजे शेजारच्या चालू लाइनचा गोंगाट गाळता येतो. मापन आणि तक्ता यांचे समतोल आकडे सहसा जवळ येतात. झिरो सिक्वेन्सचे दूर गेले, की मॅडमचा पहिला संशय रो वर, दुसरा अर्थवायरवर: तक्त्यात पोलादी तार लिहिलेली असते आणि टॉवरवर केव्हाच ऑप्टिकल फायबरवाली अ‍ॅल्युमिनियमयुक्त तार चढलेली असते. रिलेत मोजलेला आकडा भरला जातो, फाइल दुरुस्त करून नव्या तारखेने जपली जाते. त्याच टॉवरांवर किंवा शेजारच्या कॉरिडॉरमधून दुसरं सर्किट आलं की ती पुन्हा उघडावी लागते, कारण आता एका लाइनचा झिरो सिक्वेन्स प्रवाह दुसरीच्या रिलेला अंतर चुकीचं सांगू लागतो आणि तक्त्यात आणखी तीन ओळी वाढवायच्या असतात.