इंधन घट : मोटार व विमान यांसाठी चाललेले संशोधन

‘पाण्यावर चालणारी मोटार’ असा मथळा वर्तमानपत्रांत अधूनमधून झळकतो, आणि सातवीच्या वर्गातील एखादा चौकस विद्यार्थी त्याविषयी गुरुजींस विचारल्यावाचून राहत नाही. अशा वेळी ‘होय, तसे यंत्र निघाले आहे’ एवढ्यावर भागविले, तर मुलाच्या मनात चुकीची कल्पना घर करून बसते. पाणी हे इंधन नव्हे. हायड्रोजन वायू जळून गेल्यावर जे उरते ते पाणी. म्हणजे ती हायड्रोजनची राखच म्हणावयाची. चुलीतल्या राखेवर पुन्हा भाकरी भाजता येत नाही, तशीच पाण्यावर मोटारही चालत नाही. ज्या वाहनांविषयी अशा बातम्या येतात त्यांपैकी खरोखर धावणारी वाहने हायड्रोजनवर चालतात, आणि त्यांतील मुख्य यंत्र म्हणजे इंधन घट होय.

घटाचे तत्त्व

पाण्यातून विजेचा प्रवाह सोडला असता पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन असे दोन वायू होतात, हे आपण वर्गात शिकवितोच. हीच क्रिया उलट दिशेने घडविता येते, हे 1839 च्या सुमारास विल्यम ग्रोव्ह या व्यवसायाने वकील असलेल्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवून दिले. दोन्ही वायू पुन्हा एकत्र येऊ दिले असता पाणी तयार होते व वीज मिळते.

आजच्या मोटारीतील घटात दोन विद्युत अग्रांच्या मध्ये एक पातळ पटल असते. एका बाजूने हायड्रोजन व दुसऱ्या बाजूने हवा आत सोडतात. प्लॅटिनम या उत्प्रेरकाच्या सान्निध्यात हायड्रोजनच्या अणूतील प्रोटॉन व इलेक्ट्रॉन अलग होतात. पटल प्रोटॉनला वाट देते, इलेक्ट्रॉनला देत नाही. इलेक्ट्रॉनला बाहेरच्या तारेतून वळसा घालून पलीकडे जावे लागते. हा वळसा म्हणजेच विजेचा प्रवाह. पलीकडे हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पाणी बनते. येथे ज्वाला नाही, धूर नाही. विजेरीतील घटात रसायने आतच भरलेली असतात व ती संपली की घट निरुपयोगी होतो. इंधन घट मात्र बाहेरून वायू मिळत राहील तोवर वीज देत राहतो. एका घटाचा दाब एक व्होल्टपेक्षाही कमी भरतो, म्हणून शेकडो घट एकावर एक रचावे लागतात.

अवकाशातून रस्त्यावर

इंग्लंडमधील फ्रान्सिस बेकन यांनी 1959 साली 5 किलोवॉटचा इंधन घट-संच चालवून दाखविला. त्यांच्याच पद्धतीवर आधारलेले घट पुढे अपोलो यानांत बसविण्यात आले, आणि त्यांतून निघणारे पाणी चंद्रयात्री पीत असत. 1966 साली अमेरिकेत जनरल मोटर्सने अशी एक गाडी तयार केली. परंतु टाक्या व नळ्या यांनीच तिची बहुतेक जागा व्यापली होती. 2014 च्या अखेरीस जपानमध्ये टोयोटाची ‘मिराई’ विक्रीस आली. आपल्या पुण्यातही वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद व केपीआयटी यांनी विकसित केलेली बस ऑगस्ट 2022 मध्ये सादर करण्यात आली.

आकाशातील अडचण

विमानाच्या बाबतीत वजनाला फार महत्त्व असते. एक किलो हायड्रोजनमध्ये एक किलो विमान-इंधनाच्या पावणेतीनपट ऊर्जा असते, हे खरे. पण तो जागा फार घेतो. उणे 253 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून त्याचा द्रव केला, तरीही तेवढ्याच ऊर्जेसाठी सुमारे चौपट मोठी टाकी लागते. म्हणून प्रगती सावकाश आहे. 2008 साली स्पेनमध्ये बोइंगच्या एका लहान विमानाने उड्डाण बॅटरीच्या साहाय्याने केले व नंतर वर सुमारे 20 मिनिटे केवळ इंधन घटावर मार्ग कापला. 2009 साली जर्मनीतील एका विमानाने जमिनीवरून उड्डाणही याच शक्तीवर केले. जानेवारी 2023 मध्ये इंग्लंडात 19 आसनी डॉर्नियर विमानाच्या दोनपैकी एका इंजिनाच्या जागी अशी यंत्रणा बसवून सुमारे 10 मिनिटांचे उड्डाण झाले. एअरबसने हायड्रोजनच्या प्रवासी विमानासाठी 2035 हे वर्ष योजिले होते; 2025 साली ते लांबणीवर टाकण्यात आले.

हायड्रोजन येतो कोठून?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. आज बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू व कोळसा यांपासून काढतात, आणि त्यात कार्बन डायॉक्साइड बाहेर पडतोच. सूर्य वा वारा यांच्या विजेने पाण्याचे विघटन केले, तर तो निर्मळ ठरतो. भारत सरकारने जानेवारी 2023 मध्ये यासाठीच राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मान्यता दिली. परंतु वीज खर्चून वायू करावयाचा, तो दाबून भरावयाचा आणि पुन्हा त्याची वीज करावयाची, यात मूळ विजेचा सुमारे एक-तृतीयांश भागच चाकापर्यंत पोहोचतो. साध्या बॅटरीत त्याच्या दुप्पट वा अधिक भाग पोहोचतो. म्हणूनच लहान मोटारींत बॅटरीचा प्रसार अधिक झाला असून, अवजड व लांब पल्ल्याच्या वाहनांसाठी इंधन घटाकडे पाहिले जाते.

वर्गात करावयाचा प्रयोग

दोन पेन्सिली दोन्ही टोकांस तासून घ्याव्यात. पेलाभर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवून त्यात पेन्सिलींची खालची टोके एकमेकांस न लागतील अशी बुडवावीत व वरची टोके 9 व्होल्टच्या बॅटरीस जोडावीत. टोकांशी बुडबुडे जमतील. दोन-तीन मिनिटांनी बॅटरी काढून त्याच टोकांस मल्टिमीटर लावावा. काटा वा आकडा काही काळ दाब दाखवील व हळूहळू उतरेल. मीठ वापरू नये, कारण त्यापासून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. ज्योत जवळ आणू नये, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि घरगुती वीज मुळीच वापरू नये.

मग मुलांस विचारावे, ‘बॅटरी तर काढली, मग ही वीज आली कोठून?’ ‘मघाशी आपणच ती दिली होती’ हे उत्तर मुलांनी स्वतः शोधावे, यासाठी त्यांस पुरेसा वेळ द्यावा. ते सापडले की ‘पाण्यावर चालणाऱ्या मोटारी’ची बातमी कशी वाचावी, हे त्यांस निराळे सांगावे लागणार नाही.