अडथळा वळणावरच का?

परवा एक निवृत्त शिक्षक अँजिओग्राफीचा अहवाल घेऊन दवाखान्यात आले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, रक्त सगळीकडे एकच, कोलेस्टेरॉलही तेवढेच. मग ब्लॉकेज नेमके वळणावर आणि फाट्यावरच कसे?" प्रश्न मार्मिक होता.

नळीतून वाहताना रक्त मधोमध वेगाने जाते, भिंतीलगतचा थर मात्र जवळजवळ थांबलेला असतो. भिंतीपासून आत येताना हा वेग किती झपाट्याने वाढतो, त्या मापाला 'शिअर रेट' म्हणतात. तो जितका जास्त, तितके रक्त भिंतीला अधिक घासते. सरळ नळीसाठी ढोबळ हिशेब असा: सरासरी वेगाची आठपट करावी आणि नळीच्या व्यासाने भागावे. वेग सेकंदाला १५ सेंटीमीटर आणि व्यास ३ मिलिमीटर धरला, तर उत्तर दर सेकंदाला ४०० येते.

पण हृदयाच्या रक्तवाहिन्या सरळ कुठे असतात? नदीचे वळण आठवा. जोराची धार बाहेरच्या काठाला लागते, आतल्या काठाशी पाणी संथ असते. रक्ताचेही तसेच. वळणाच्या बाहेरच्या अंगाला हे माप ४०० च्या वर जाते, आतल्या अंगाला खाली येते. फाट्यापाशी तर काही जागी प्रवाह पुढे-मागे हेलकावतो. १९६९ मध्ये लंडनच्या कॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले, की चरबीचे सुरुवातीचे थर अशा कमी घर्षणाच्या जागीच आढळतात.

मात्र नदीची उपमा इथेच सोडावी. हा नुसता साचलेला गाळ नव्हे. रक्तवाहिनीचे अस्तर जिवंत आहे. त्याला पुरेसे घर्षण मिळाले, की ते नायट्रिक ऑक्साइड तयार करून स्वतःला जपते. घर्षण कमी पडले, की अस्तर दुबळे होते आणि चरबी भिंतीच्या आत शिरते. म्हणून 'नळ्या धुऊन काढणारे' औषध म्हणजे भूलथाप आहे.

हे सांगायचे कारण असे, की गुरुजींनी तसाच एक काढा सुरू करून नेहमीच्या गोळ्या परस्पर बंद केल्या होत्या. ही चूक जिवावर बेतू शकते.

वळणे जन्मजात आहेत, ती बदलता येत नाहीत. पण तंबाखू-विडी सोडणे, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणे आपल्या हाती आहे. चालण्याने रक्ताचा वेग वाढतो, अस्तराला हवे ते घर्षण मिळते. हृदयविकार असलेल्यांनी किती चालावे, हे मात्र आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आणि छातीत दाब येऊन घाम फुटला, तर 'गॅस असेल' म्हणून वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करा.