ट्रान्समिशन कूलर

ट्रान्समिशन कूलर हे मोटारगाडीच्या स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेल थंड ठेवणारे उपकरण आहे. गिअरबॉक्समधून बाहेर पडणारे गरम तेल कूलरच्या नळ्यांतून किंवा पोकळ पट्ट्यांतून वाहते, आपली उष्णता हवेला अथवा रेडिएटरमधील पाण्याला देते आणि पुन्हा गिअरबॉक्समध्ये परतते. सर्वसाधारण वापराच्या गाडीत कारखान्यातून बसवून आलेला कूलर पुरेसा असतो. शर्यतीच्या किंवा शक्ती वाढवलेल्या गाड्यांत मात्र हवेने थंड होणारा स्वतंत्र कूलर जोडला जातो. असा कूलर किती उपयुक्त ठरेल, हे त्याच्या आकाराइतकेच तो कोठे बसवला आहे यावरही अवलंबून असते.

उष्णतेचा उगम

स्वयंचलित गिअरबॉक्समधील बरीचशी उष्णता टॉर्क कन्व्हर्टरमध्ये निर्माण होते. इंजिनाला जोडलेले पंपचक्र आणि गिअरबॉक्सला जोडलेले टर्बाइनचक्र यांच्यात शक्तीचे वहन तेलामार्फत होते. दोन्ही चक्रांच्या वेगात फरक असतो तेव्हा काही ऊर्जा तेल घुसळण्यात खर्ची पडते व तिचे उष्णतेत रूपांतर होते. गाडी स्थिर वेगाने धावू लागल्यावर लॉक-अप क्लच दोन्ही चक्रे एकमेकांना जखडतो आणि हा व्यय जवळजवळ थांबतो. त्यामुळे टॉर्क कन्व्हर्टर सर्वाधिक तापतो तो गाडी जोरात सुटताना, ब्रेक दाबून ठेवून इंजिनाचा वेग वाढवताना किंवा पुनःपुन्हा वेग घेताना.

तेलाचे तापमान साधारणपणे ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असणे योग्य मानले जाते. त्यापुढे दर ११ अंशांच्या वाढीमागे तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा एक ढोबळ ठोकताळा या क्षेत्रात प्रचलित आहे. तापमान १२० अंशांच्या वर टिकून राहिल्यास तेलाचे विघटन होऊन झडपांवर चिकट थर साचतो व रबरी सील कडक होऊ लागतात. दाब कमी पडल्याने क्लचच्या चकत्या घसरतात आणि त्या घसरणीतून आणखी उष्णता निर्माण होते. हे दुष्टचक्र सुरू झाले, की गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करण्यावाचून सहसा पर्याय उरत नाही.

जागेच्या निवडीची तत्त्वे

कूलरमधून बाहेर पडणारी उष्णता मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : तेल व हवा यांच्या तापमानांतील फरक आणि कूलरमधून वाहणाऱ्या हवेचे प्रमाण. तेल १०० अंशांवर व बाहेरची हवा ३५ अंशांवर असेल, तर फरक ६५ अंशांचा असतो. तोच कूलर रेडिएटरच्या मागे बसवला आणि तेथे पोहोचणारी हवा ६५ अंशांवर असली, तर फरक ३५ अंशांवर येतो. म्हणजे तेवढ्याच हवेत कूलरची क्षमता जवळपास निम्मी होते.

हवा वाहण्यासाठी कूलरच्या पुढील व मागील बाजूंच्या दाबांत फरक असावा लागतो. गाडीच्या वेगामुळे निर्माण होणारा हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० किमी वेगाला तो सुमारे ११५ पास्कल, तर ताशी १०० किमी वेगाला सुमारे ४६० पास्कल असतो. उभ्या गाडीत तो शून्य असतो. त्यामुळे केवळ वाऱ्यावर अवलंबून असलेला कूलर ऐन गरजेच्या वेळी निकामी ठरू शकतो. हवेला आत येण्याइतकाच बाहेर पडण्याचा मार्गही आवश्यक असतो. कूलरमागे बंद पोकळी असल्यास समोरची हवा कडेने निघून जाते.

प्रचलित जागा

रेडिएटरच्या पुढे : ही सर्वांत रूढ जागा आहे. येथे ताजी हवा मिळते आणि गाडी उभी असताना रेडिएटरचा पंखा हवा ओढून घेतो. मात्र कूलरमधून तापलेली हवाच पुढे वातानुकूलन यंत्रणेच्या कंडेन्सरवर व रेडिएटरवर जाते. इंजिन आधीच तापण्याच्या मर्यादेवर असेल, तर गिअरबॉक्स वाचवताना इंजिन अडचणीत येते. अशा वेळी कूलर रेडिएटरचा कमीत कमी भाग झाकेल असा बसवतात.

बंपरच्या कडेला किंवा चाकाच्या कमानीत : येथील कूलर रेडिएटरची हवा अडवत नाही. हवा आत आणण्यासाठी बंद मार्ग आणि तापलेली हवा कमानीत सोडण्यासाठी झरोके करावे लागतात. चाकाने उडणारे खडे व चिखल यांपासून रक्षण करण्यासाठी जाळीही लावतात. सतत वेगात राहणाऱ्या सर्किट शर्यतीच्या गाडीला ही जागा मानवते.

गाडीच्या तळाशी : गिअरबॉक्स जवळ असल्याने नळ्या आखूड राहतात. परंतु तळाशी हवेचा प्रवाह अनिश्चित असतो, एक्झॉस्टची धग लागते आणि गतिरोधकावर कूलर घासण्याचा धोका असतो. म्हणून येथे पंखा जोडलेला कूलर एक्झॉस्टपासून दूर बसवतात.

गाडीच्या मागील भागात : पुढे जागा नसल्यास किंवा गिअरबॉक्सच मागे असल्यास हा पर्याय निवडतात. शेव्हरोले कॉर्व्हेटच्या सातव्या पिढीत (२०१४) गिअरबॉक्स मागील चाकांजवळ आहे. तिच्या झेड५१ प्रकारात मागील चाकांवरील भागात ठेवलेल्या झरोक्यांतून गिअरबॉक्स व डिफरन्शियल यांच्या कूलरना हवा पुरवली जाते. गिअरबॉक्स पुढे असताना कूलर मागे नेल्यास नळ्या लांबतात, तेलाच्या प्रवाहाला विरोध वाढतो व गळतीची ठिकाणेही वाढतात.

वापरानुसार निवड

सरळ रेषेतील ड्रॅग शर्यतीत गाडी सुटण्यापूर्वीच तेल झपाट्याने तापते व त्या वेळी वारा नसतो. म्हणून तेथे पंखा असलेला कूलर उपयोगी पडतो. तो रेडिएटरसमोरच असण्याची गरज नसते. सर्किटवर उष्णता दीर्घकाळ साचत जाते, त्यामुळे वाऱ्याच्या थेट मार्गातील जागा श्रेयस्कर ठरते. रोजच्या वापराच्या गाडीत रेडिएटरच्या टाकीतील मूळ कूलर कायम ठेवून तेल त्यातून आधी व हवेच्या कूलरमधून नंतर नेण्याची पद्धत रूढ आहे. थंड हवामानात तेल प्रमाणाबाहेर गार होऊन घट्ट राहू नये, यासाठी तापमानानुसार उघडणारी झडप बसवतात.

बसवताना घ्यावयाची काळजी

कूलर रेडिएटरच्या जाळीतून ओवलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधल्यास कंपनांमुळे रेडिएटरच्या नळ्या घासून फुटू शकतात. त्यामुळे तो चौकटीला, रबरी आधारांवर बसवतात. तेलाची तोंडे वर किंवा बाजूला ठेवतात, म्हणजे आत हवा अडकत नाही. बाजूच्या मांडणीत तेल खालून आत व वरून बाहेर नेतात. नळ्या गिअरबॉक्सच्या गरम तेलाला टिकणाऱ्या असाव्या लागतात आणि एक्झॉस्टपासून दूर न्याव्या लागतात. तप्त एक्झॉस्टवर सांडलेले तेल पेट घेऊ शकते.

निवडलेली जागा योग्य आहे की नाही, याचा निर्णय तापमापकावरूनच होतो. गिअरबॉक्समधून निघणाऱ्या नळीतील तापमान क्षणिक उसळी दाखवते, तर तळाच्या तेलपात्रातील तापमान सरासरी स्थिती दर्शवते. दोन्ही ठिकाणच्या नोंदींबरोबर इंजिनाच्या पाण्याचे तापमानही पाहिले जाते, कारण तेल थंड होऊनही इंजिन तापू लागले, तर कूलरची जागा बदलावी लागते.

हे सुद्धा पहा

रेडिएटर
टॉर्क कन्व्हर्टर
स्वयंचलित गिअरबॉक्स
उष्णता विनिमयक